आयर्विनला किती?

पाचवीत असताना मी वर्गात उभी राहून इंग्रजीचा धडा वाचत होते आणि त्यात तो शब्द आला, एफ एल डबल ओ डी. मी ठोकून दिलं, "फ्लूड". फूड असतं, मूड असतं, मग हे फ्लूडच असणार ना. बाईंनी पुस्तकातनं मान वर न करता विचारलं, "रक्ताला काय ब्लूड म्हणतेस का गं?" सगळा वर्ग हसला, मी पण हसले, आणि तो शब्द तेव्हापासून डोक्यात जो बसला तो बसलाच.

खरंतर चूक माझी नव्हती. फूड, गुड, फ्लड, तिन्हीत डबल ओ आणि तिन्हीचे उच्चार तीन. इंग्रजांनी स्पेलिंग जुनंच ठेवलं आणि जीभ पुढे पळाली. कधीकाळी या तिन्हीत लांबलचक 'ओ' होता म्हणे, त्याचा 'ऊ' झाला, फूड तिथंच थांबला, गुड नंतर आखूड झाला, आणि ब्लड-फ्लड ही जोडी सगळ्यांच्या आधी आखूड होऊन पार 'अ'पर्यंत घसरत गेली. हे मला कळलं तिशीनंतर. पाचवीत कळलं असतं तर बाईंना सांगितलं असतं (नसतं सांगितलं, मार बसला असता).

तसाही आम्हाला सांगलीत त्या शब्दाचा उपयोग नव्हता. आमच्याकडे फ्लड तर सोडाच, पूर हा शब्दसुद्धा पेपरवाले जास्त वापरतात. घरात नुसतं 'पाणी' म्हणतात. पाणी आलं, पाणी चढालंय, पाणी थांबलंय, पाणी उतरालंय. आणि जुलै-ऑगस्टमध्ये कुणाचाही फोन आला की तब्येत विचारायच्या आधी एकच प्रश्न, "आयर्विनला किती?"

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न कळत नाही, म्हणून सांगते. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा आमचा जुना पूल, 1929 सालचा, तेव्हाच्या व्हॉइसरॉयचं नाव दिलेला. त्या पुलापाशी पाण्याची पातळी मोजतात. 40 फूट झालं की इशारा पातळी, 45 ला धोका पातळी. लॉर्ड आयर्विन कोण, कुठला, दिल्लीत काय करत होता हे सांगलीत शंभरातल्या दोघांना माहीत असेल नसेल, पण आयर्विन चढालंय म्हटलं की सूर्यवंशी प्लॉटातला माणूस गाद्या माळ्यावर टाकायला लागतो, अजून चढलं म्हटलं की दत्तनगर-काकानगरातल्या गाड्या बाहेर निघतात. कोल्हापूरकरांचं असंच राजाराम बंधाऱ्याचं, त्यांचे आकडे 39 आणि 43. आम्ही एकमेकांचे आकडे एकमेकांना सांगतो, क्रिकेटचा स्कोर सांगतात तसं.

मी पुण्यात नेटवर्किंगमध्ये काम करते. म्हणजे कंपनीतले स्विच, राउटर, फायरवॉल वगैरे सांभाळणं, आणि काही बंद पडलं की शिव्या खाणं. ही लाइन धरली तेव्हा क्लासमध्ये दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं, 'फ्लडिंग'. मला एकदम पाचवीचा वर्ग आठवला. स्विचमधलं फ्लडिंग तसं साधं असतं. स्विचकडे एक पाकीट आलं आणि ते कुणाच्या दारात टाकायचं हे त्याला माहीत नसेल, तर तो काय करतो, ज्या दारातनं आलं ते दार सोडून बाकी सगळ्या दारांत त्याची एकेक कॉपी टाकतो. वाड्यात नवीन पोस्टमन आल्यावर चौकात उभं राहून "कुलकर्णी कोण आहे हो?" असं ओरडतो ना, तसं. ज्याचं असेल तो घेईल, बाकीचे दार लावून घेतील. यात पूर कुठे आला? मी सरांना विचारलं पण. ते म्हणाले, अगं सगळीकडे पसरतं म्हणून फ्लड. मला काही ते पटलं नव्हतं. सगळीकडे पसरणं म्हणजे पूर नव्हे असं आपलं वाटत राहिलं, पण मग पूर म्हणजे काय हे पण सांगता येईना.

ते कळायला ऑगस्ट 2019 यावं लागलं.

त्या आठवड्यात आमच्या ऑफिसमध्येच काहीतरी बोंब झाली होती, कुणीतरी केबल दोन्हीकडे लावून लूप करून ठेवला होता आणि सगळं नेटवर्क ठप्प, आणि मॅनेजर मीटिंगमध्ये पुन्हापुन्हा म्हणत होता, "फ्लड झालंय, फ्लड झालंय," आणि टेबलाखाली माझा फोन थरथरत होता, आईचा. बाहेर येऊन घेतला. आई म्हणाली, "नानांच्यात मोरीतनं पाणी यालंय."

नाना म्हणजे माझे थोरले काका. मारुती चौकाच्या मागे जुनं घर, रस्त्यापासनं तीन पायऱ्या वर. आम्ही विश्रामबागला, तो भाग उंचावर. तर पाणी रस्त्यावरनं आलं नव्हतं अजून. ते मोरीतनं आलं. आधी मोरीच्या भोकातनं बुडबुड आवाज, मग झुरळं, एकेक करून नाही, सगळी एकदम, आणि मग काळं पाणी, हळूहळू, अंघोळीचं पाणी तुंबतं तसं. नानांनी त्यावर ओलं पोतं कोंबून वर पाटा ठेवला. वरवंट्याचा पाटा. काकू ओरडली, माझा पाटा कशाला घाण करता. म्हणजे तोपर्यंत कुणाला वाटत नव्हतं की हे घर सोडावं लागणार आहे.

मग नानांनी खडू घेतला. नाना आयुष्यभर मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते, त्यांना प्रत्येक गोष्ट लिहून ठेवायची सवय. पाणी पहिल्या पायरीला लागलं, खडूनं रेघ. तासाभरानं बघितलं, दोन बोटं वर, परत रेघ. शेजारी घड्याळ बघून वेळ. दुसरी पायरी, तिसरी पायरी. नंतर मला सांगताना म्हणाले, "आवाजच नाही गं. तुम्हाला वाटतंय पूर म्हंजे खळखळ. काय नाही. बशीत चहा ओतल्यागत हुतं. बघत बसलं तर हलत नाही, आणि नजर काढली की चढतंय."

तिसरी पायरी गेली तसे सगळे ट्रॅक्टरमधनं विश्रामबागला आले. पाणी शेवटी आयर्विनला 57 फुटांच्या वर गेलं. 2005 चा पूर मोठा म्हणत होतो आम्ही, त्याच्यापण कितीतरी वर. मला पुण्याहून जाता येत नव्हतं, रस्ते बंद. चार-पाच दिवस फोन हातात धरून बसले. त्यातच एका रात्री झोप येईना म्हणून उगाच डिक्शनरीत फ्लड हा शब्द बघायला लागले. माणूस अशा वेळी काय करेल सांगता येत नाही.

तर इंग्रजीतला फ्लड हा 'फ्लो'चा सख्खा भाऊ. मूळ अर्थ वाहणं. जुन्या इंग्रजीतपण हा शब्द आहे, आणि तेव्हा त्याचा अर्थ नुसता नदीचा पूर नव्हता, समुद्राची भरती पण फ्लडच, आणि कधी नुसतं वाहतं पाणी, नदी, ते पण. अजून खोल गेलं की तो पोचतो त्याच मुळाशी जिथनं संस्कृतातला 'प्लु' धातू आला. प्लवते म्हणजे तरंगतं, वाहतं. आपण आप्लावित म्हणतो, जलप्लावन म्हणतो (बोलताना कोण म्हणतं म्हणा, पण शब्द आहे), व्याकरणात ऱ्हस्व-दीर्घच्या पुढे प्लुत असतो, तो पण याच घरातला. म्हणजे फ्लड हा अगदीच परका पाहुणा नाही, लांबचा चुलत का होईना नातेवाईक आहे. आणि गंमत म्हणजे साठ संवत्सरांत एकाचं नाव 'प्लव' आहे, शके 1943 चं होतं ते, म्हणजे 2021 च्या पाडव्याला सुरू झालेलं. त्याच वर्षी जुलैमध्ये चिपळूण बुडालं आणि आयर्विन पुन्हा पन्नाशी पार करून गेला. मी पंचांग मानत नाही, पण आईला हे सांगितल्यावर तिनं माझ्याकडे असं बघितलं की बस.

आणि पूर? पूर वाहत नाहीच. तो 'भरणं' यातनं आलाय. पूर्ण, परिपूर्ण, पुरवठा, पूरक, सगळी एक जात. पुरणपोळीतलं पुरण म्हणजे आत भरलेलं. पुरतं, पुरलं, आणि वाढणाऱ्याचा हात धरून आपण "पुरे" म्हणतो ते पुरे पण त्यातलंच. (नागपूर-सोलापूरमधला पूर वेगळा, तो गावाचा. हरिपूरचा पण. हरिपूरचं पुढे येतंय.)

हे वाचलं आणि मला नानांच्या पायऱ्या दिसल्या. ज्यांनी फ्लड शब्द केला ते काठावर उभे होते, त्यांना वाहणारं पाणी दिसलं. ज्यांनी पूर शब्द केला ते बहुतेक घरात बसलेले असणार. सांगलीचं पाणी धावत येतच नाही. कृष्णा इथं सपाटीवर वळणं घेत जाते, खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते, ती स्वतःच फुगलेली असते, कोयनेतनं विसर्ग चालू, पुढे पंचगंगा पण तुंबलेली, मग वरचं पाणी जाणार कुठं, ते पसरतं, नाल्यातनं ओढ्यातनं उलटं मागे येतं. त्याला आमच्याकडे फूग म्हणतात, फुगवटा म्हणतात. पिठासारखं. नदी पात्रातनं बाहेर पडायच्या आधीच ड्रेनेजच्या चेंबरमधनं शहरात शिरलेली असते.

सगळीकडचे पूर असे नसतात हे मान्य. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पुण्यात पाणी आलं ते लोंढ्यानं आलं, वाडेच्या वाडे घेऊन गेलं. तो फ्लड, इंग्रजी अर्थानं पण. कोकणातपण वाशिष्ठी, सावित्री असल्या आखूड नद्या, डोंगरावर पडलं की तासाभरात खाली, आणि त्यात भरतीची वेळ गाठली तर बघायलाच नको. पण मुंबईकडे बघा. 26 जुलै 2005, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस. आणि तुम्ही मुंबईकराला विचारा, तो 'पूर आला' म्हणणार नाही. तो म्हणतो 'पाणी भरलं'. हिंदमाताला पाणी भरलं, ट्रॅकवर पाणी भरलं. मिलन सबवेला तर दरवर्षीच भरायचं. म्हणजे जुना शब्द सुटला तरी भरणं काही सुटलं नाही.

अजून एक. इंग्रजीत नदी फ्लड होते, म्हणजे नदीच करते जे काय ते. आपल्याकडे नदीला पूर येतो. जसा आपल्याला ताप येतो, पाहुणे येतात, राग येतो. तिचा दोष नाही, तिला आलंय. म्हणून असेल, पण पूर आला की बायका खण-नारळ घेऊन घाटावर जातात, कृष्णामाईची ओटी भरायला. भरतच असलेल्या नदीची परत ओटी भरायची! लहानपणी मला यात काही विचित्र वाटलं नव्हतं. नरसोबाच्या वाडीला तर पाणी देवळात शिरायची लोक वाट बघतात, पाणी एका अंगानं आत येऊन पादुकांवरनं दक्षिणेच्या दारानं बाहेर पडायला लागलं की दक्षिणद्वार, रात्री दोन वाजले असले तरी लोक कुडकुडत अंघोळीला पळतात. आजी होती तोवर ती चुकवायची नाही. आणि मळीतली माणसं, म्हणजे नदीकाठची ती काळी रानं, ती तर म्हणायची पाणी येऊन गेलं पाहिजे, गाळ बसल्याशिवाय वांग्याला चव नाही. येऊन गेलं पाहिजे. येऊन राहिलं तर काय करायचं, त्याला मात्र म्हण नाही.

पूर ओसरल्यावर मी सांगलीला गेले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूला कपड्यांचे ढीग होते. घरातनं बाहेर टाकलेले भिजलेले कपडे असं मला आधी वाटलं, पण ते तसले नव्हते, ते मदतीचे कपडे होते. सगळ्या महाराष्ट्रातनं टेम्पो भरभरून आलेले. पेपरात आधी आलं 'मदतीचा ओघ', मग दोन दिवसांनी 'मदतीचा महापूर'. ज्यानं कुणी हेडिंग दिलं त्याला कळलं होतं की नाही माहीत नाही, पण शब्द बरोबर होता. ओघ येतो आणि पुढे जातो, महापूर तुंबतो. फाटक्या साड्या, शेरवानी, लहान मुलांचे फॅन्सी ड्रेस, एकात तर पोपटाचा ड्रेस होता, हिरवा, शेपटीसकट. काकू तो हातात धरून किती वेळ हसत होती, आणि तिला त्या वेळी हवा होता घराला मारायचा फवारा आणि खराटा. दिलेल्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आत्ता म्हणू शकते, तेव्हा राग आला होता.

तसं मराठीत या बाबतीत बारीक भेद आहेत. चांगलं काही भरपूर आलं की पाऊस, शुभेच्छांचा वर्षाव. नकोसं आलं तर भडिमार, प्रश्नांचा, फोनचा. अंगावर येईल इतकं झालं की पूर. आणि उत्साहाला उधाण, ते कोकणातल्यांनी आणलेलं असणार, आमच्याकडे कसलं उधाण. इंग्रजीत या सगळ्याला फ्लड चालतो. फ्लड ऑफ विशेस, फ्लड ऑफ कॉल्स, फ्लड ऑफ टीअर्स. इतकंच काय, क्रिकेटच्या मैदानावर सगळीकडनं दिवे सोडले तर तेपण फ्लडलाइट. आपल्याकडे 1984 ला दिल्लीत पहिली वनडे झाली दिव्यांखाली, तेव्हा मराठीत काय करायचं, पूरदिवे? मग झाला प्रकाशझोत. झोत चांगला शब्द आहे पण तो एका रेषेत जातो, फ्लडलाइट तसा नसतो, तो मैदान भरून टाकतो. असो. गल्लीतल्या टेनिस बॉलच्या नाईट मॅचला पोरं त्याला सरळ हॅलोजन म्हणतात आणि प्रश्न मिटवतात.

आणि माझ्या धंद्यातला सगळ्यात बदनाम फ्लड, सिन फ्लड. दोन कॉम्प्युटर बोलायच्या आधी तीनदा राम-राम करतात, हा म्हणतो येऊ का, तो म्हणतो ये, जागा धरलीय, हा म्हणतो आलो. आता कुणी लबाडी करून हजारो खोट्या नावांनी 'येऊ का' एवढंच म्हणालं आणि पुढे आलंच नाही, तर सर्व्हर बिचारा प्रत्येकासाठी जागा धरून बसतो. पंगतीत पाट मांडून ठेवलेत, पानं वाढलीत, आणि खरा पाहुणा दारात उभा, त्याला जागा नाही. 1996 ला न्यूयॉर्कमधल्या पॅनिक्स नावाच्या इंटरनेट कंपनीला असंच केलं होतं कुणीतरी, तेव्हा हा प्रकार जगाला नीट कळला. मी हे कितीतरी ज्युनियर पोरांना शिकवलंय, आणि 2019 नंतर शिकवताना लक्षात आलं की यात वाहण्याचा संबंधच नाही. डेटा फार नसतोच. जागा भरते. नाव फ्लड आहे, काम पुराचं आहे.

भाच्याला पेंटमध्ये चित्र काढताना बघितलं तेव्हा पण हेच. बादलीचं चिन्ह असतं ना, क्लिक केलं की बंद आकारात रंग भरतो. प्रोग्रामिंगमध्ये त्याला फ्लड फिल म्हणतात, फ्लड आणि फिल, दोन्ही एकाच ठिकाणी, मी बसल्याजागी हसले. त्याचं काम कसं चालतं, एका ठिपक्यापासनं सुरू करायचं, शेजारच्या चार ठिपक्यांना विचारायचं, तू पण माझ्याच रंगाचा का, असशील तर तू पण रंगलास, मग त्याच्या शेजारच्यांना. भाच्यानं घर काढलं होतं, भिंतीत एका ठिपक्याएवढी फट राहिलेली. त्यानं आभाळाला निळा रंग टाकला आणि अख्खं घर आतनं निळं झालं. तो वैतागून म्हणाला, "मावशी, गळतंय!" फट सापडेना. झूम करून करून शेवटी सापडली ती खाली, बाथरूम काढलं होतं तिथं.

आमच्या चुलतभावाचं, म्हणजे नानांच्या मुलाचं, घराच्या पुढच्या खोलीतच झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान. लोन काढताना विमा उतरवला होता म्हणून वाचलो म्हणायचं. पॉलिसीत शब्द होते, स्टॉर्म, टेम्पेस्ट, फ्लड, इनंडेशन. दादा मला म्हणाला, हे इनंडेशन काय असतं, फ्लड आहे ना, मग परत ते कशाला. मला पण माहीत नव्हतं. एजंट म्हणाला, नदी बाहेर आली तर फ्लड, आणि कुठनं का येईना, पाणी भरलं तर इनंडेशन. म्हटलं बघा, इंग्रजांनापण दोन शब्द लागले. पण खरी अडचण पुढेच होती. क्लेमच्या फॉर्मवर एक रकाना होता, पाणी किती वाजता शिरलं. दादा पेन घेऊन बसला. किती वाजता म्हणजे? मोरीतनं आलं तेव्हा की रस्त्यावरनं आलं तेव्हा की झेरॉक्स मशीनला लागलं तेव्हा? वाहत येणाऱ्याला वेळ असते, दार ढकलून आलं, इतके वाजून इतकी मिनिटं. भरत जाणाऱ्याला कसली वेळ. सर्व्हेला आलेला माणूस वैतागला, काहीतरी एक टाका म्हणाला. शेवटी नानांनी डायरी काढून दिली. पायऱ्यांवरच्या खडूच्या रेघा पाण्यानं गेल्या होत्या पण नानांनी त्या उतरवून ठेवल्या होत्या, दिवाणजीच्या अक्षरात, रोजमेळ लिहितात तसं, तारीख, वेळ, पायरी, बोटं. त्या पानाचीच झेरॉक्स जोडली, ती पण विश्रामबागेतनं काढून आणावी लागली कारण घरचं मशीन मेलेलं. पैसे आले सात-आठ महिन्यांनी, मागितले त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त.

आता ते हरिपूर.

मराठीत 'फ्लड ऑफ अमुक'ला सगळ्यात अस्सल शब्द पूर नाहीच, तो आहे पेव फुटणं. क्लासेसचं पेव फुटलंय, यूट्यूब चॅनेलचं पेव फुटलंय. मी हे कुणी बोललं की मनात दचकते, कारण मी पेव बघितलंय. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार, तोंड अरुंद, पोट मोठं, सुरईसारखं. आधी धान्याला असायचं, आमच्या हरिपूरला हळदीला. तिथली माती अशी की भिंत बांधायला लागायची नाही आणि आतली हळद वर्षानुवर्षं किडायची नाही. आत पाला, चटया अंथरायच्या, हळद भरायची, तोंड बंद करून वर माती. उघडताना मात्र लगेच उतरायचं नाही, आधी तसंच मोकळं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर अजून थांबायचं. नाना मला सातवीत असताना एकदा घेऊन गेले होते, मी वरनं वाकून बघितलं, खाली अंधारात एक माणूस कंदिलाच्या उजेडात पिवळा दिसत होता, पायापासनं डोक्यापर्यंत, आणि वर जो वास आला तो मला अजून कुठल्या मसाल्याच्या दुकानात मिळालेला नाही.

2005 ला पाणी पेवांत गेलं. पेव फुटलं नाही, म्हणजे म्हणीतल्यासारखं धान्य बाहेर सांडलं वगैरे काही नाही. भरलं. नाना त्या वेळी नोकरीत होते, पाणी उतरल्यावर शेठजींबरोबर बघायला गेले. "हळद शिजल्यागत झालती," एवढंच सांगतात. तिथनं पुढे व्यापाऱ्यांनी हळद गोडाऊनला, कोल्ड स्टोरेजला न्यायला सुरुवात केली आणि पेवांचा व्यवहार संपतच गेला.

गेल्या वर्षी पावसाळ्यात सांगलीला गेले होते तेव्हा नानांना म्हटलं, चला हरिपूरला जाऊन येऊ, संगम बघू. आयर्विन तेव्हा वीसच्या आत होता, निवांत. संगमावर जरा वेळ बसलो, भजी खाल्ली. परत येताना नानांनी एका ठिकाणी गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला रान होतं, निम्म्यात प्लॉट पाडलेले, दगड रोवलेले. नाना काठीनं दाखवायला लागले, हे एक, ते एक, त्या लिंबाखाली दोन. मला काहीच दिसेना, सगळं गवत. मग नीट बघितल्यावर दिसलं, जमीन ठिकठिकाणी जराशी खचलेली, परातीएवढे, गाडीच्या चाकाएवढे गोल खड्डे. प्रत्येकात रात्रीच्या पावसाचं पाणी साचलं होतं. नानांनी एकात काठी घालून बघितली, किती आत जाते ते.

"दीड वीत," म्हणाले, आणि खिशातनं डायरी काढायला लागले.